अमेरिकेतील भारतीय संगीत, शिकवणी आणि प्रसारमाध्यमे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, तिकडे नव्याने जाणारी मंडळी आणि नातवंडांच्या गाण्याची इथून चौकशी करणारे आजी-आजोबा यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न इतिहासाचे आहेत, तर काही तानपुऱ्याच्या खुंट्यांइतके रोजच्या व्यवहाराचे आहेत.

भारतीय संगीत अमेरिकेत पंडित रविशंकर यांनीच नेले का?

त्यांच्या आधी जवळजवळ अर्धशतक एक प्रयत्न झाला होता आणि त्याचे मूळ सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात होते. बडोद्याच्या गायनशाळेचे संस्थापक मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ हे १३ सप्टेंबर १९१० रोजी मुंबईहून जहाजाने निघाले. भाऊ आणि चुलतभाऊ यांना बरोबर घेऊन त्यांनी अमेरिकेत गायन-वादन केले आणि रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या दौऱ्यातही ते वाजवत फिरले. त्यांचा ओढा पुढे सूफी उपदेशाकडे वळला आणि आज पश्चिमेत त्यांची ओळख प्रामुख्याने सूफी गुरू अशीच आहे. त्यांचे संगीत तिथे रुजले नाही, याचे एक कारण उघड आहे. ऐकणारा आणि शिकणारा असा आपल्या लोकांचा समाजच तेव्हा तिथे नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर शेतात आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणारे काही हजार पंजाबी, काही विद्यार्थी आणि थोडे व्यापारी एवढीच ती वस्ती होती. १९१७ च्या कायद्याने नव्या येणाऱ्यांना दार बंद झाले आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. १९४६ मध्ये नागरिकत्वाचा हक्क मिळाला खरा, परंतु प्रवेशाची मर्यादा वर्षाला १०० माणसे एवढीच होती.

दुसरी सुरुवात १९५५ ची. व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांच्या निमंत्रणावरून उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात सरोद वाजवून आले. साथीला पंडित चतुरलाल यांचा तबला होता. त्याच मुक्कामात त्यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवरही वादन केले आणि दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीसाठी राग ध्वनिमुद्रित केले. पुढच्या वर्षापासून रविशंकर यांचे दौरे सुरू झाले. जून १९६७ मधील माँटेरेचा पॉप संगीत महोत्सव, १९६९ मधील वुडस्टॉकचा महोत्सव आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेले दोन कार्यक्रम यांमुळे सतार अमेरिकेत सर्वांना ठाऊक झाली. त्या काळच्या तरुणांनी या संगीताची अमली पदार्थांशी जी सांगड घातली, तिचा पंडितजींना मनापासून विषाद वाटत असे आणि तो त्यांनी वेळोवेळी जाहीरपणे बोलून दाखवला.

मग हे संगीत तिथे टिकले कशामुळे?

शिकवण्यामुळे. मैफलीने कुतूहल जागे होते, पण कलाकार परत गेल्यावर श्रोत्याजवळ आठवण आणि एखादी तबकडी यांपलीकडे काही उरत नाही. अली अकबर खाँसाहेबांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. १९६५ च्या उन्हाळ्यात ते कॅलिफोर्नियातील बर्कलीला शिकवू लागले आणि १९६७ मध्ये त्यांनी तिथे आपले संगीत महाविद्यालय सुरू केले. ते लवकरच मरीन काउंटीत हलले आणि आज सॅन राफेल येथे चालते. जून २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी तिथे तालीम दिली. शिकणारे बहुसंख्य अमेरिकी होते. त्यांतल्या अनेकांना हिंदी येत नव्हते आणि सारेगमही घरी कधी कानावर पडलेले नव्हते. वादन शिकायला आलेल्यांनाही गळ्यातून सूर काढायला लावून, वडील आणि गुरू मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून आलेल्या बंदिशी आणि पलटे खाँसाहेब त्यांच्यासमोर वर्गात उलगडत असत. त्या वर्गांची ध्वनिमुद्रणे संस्थेने जपून ठेवली आहेत. मैहरच्या कडक तालमीतून आलेल्या माणसाने परक्या मुलखात आपली विद्या इतक्या मोकळ्या हाताने वाटावी, याचे मोल आपल्याकडे पुरेसे जाणले गेलेले नाही, असे मला वाटते. अमेरिकेने मात्र १९९१ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय वारसा पाठ्यवृत्ती देऊन त्यांचा गौरव केला.

याच महाविद्यालयात तरुण वयात तबला शिकवायला आलेले उस्ताद झाकिर हुसेन हे मुंबईचे. ते १९७० मध्ये अमेरिकेत आले आणि कॅलिफोर्नियातच त्यांनी घर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी पुरस्कार त्यांना मिळाले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांचे निधन झाले. जगभराच्या दौऱ्यांच्या धबडग्यातही दरवर्षी विद्यार्थ्यांसाठी निवासी शिबिर घेण्याचा त्यांचा नेम होता.

पूर्व किनाऱ्यावर कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठाने हेच काम कर्नाटक संगीतासाठी केले. भरतनाट्यम नर्तिका बालासरस्वती यांनी १९६२ मध्ये तिथे शिकवले. त्यांचे बंधू टी. रंगनाथन यांनी मृदंगाचे आणि टी. विश्वनाथन यांनी बासरी व गायनाचे वर्ग वर्षानुवर्षे घेतले.

१९६५ च्या कायद्याचा गाण्याशी काय संबंध?

३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत रद्द केली आणि कौशल्य व कौटुंबिक नाते यांना महत्त्व दिले. त्यामुळे डॉक्टर, अभियंते, संशोधक आणि पदव्युत्तर विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. गवई आणि वादक या कायद्याने फारसे आले नाहीत. आले ते संगीताची आवड असलेले पांढरपेशे लोक. त्यांच्या सामानात कॅसेटी होत्या, क्वचित एखादी पेटी होती. त्यांच्याबरोबर किंवा मागून आलेल्या स्त्रियांपैकी कित्येकींनी मिरज, पुणे, नागपूर, इंदूर अशा गावी मध्यमा किंवा विशारदपर्यंत शिक्षण घेतलेले होते. पुढे घराच्या तळघरात सतरंजी घालून शनिवार-रविवारी ज्यांनी शेजारपाजारच्या मुलांना भूप आणि दुर्गा शिकवला, त्या प्रामुख्याने याच स्त्रिया होत्या. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात सापडत नाहीत. तरीही अमेरिकेतील हिंदुस्थानी गाण्याचा खरा पाया त्यांनी घातला, असे मी ठामपणे म्हणेन.

कर्नाटक संगीतवाले आपल्यापेक्षा पुढे दिसतात. असे का?

ते संघटित आहेत म्हणून. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे १९७८ पासून त्यागराज आराधना, म्हणजे संत-रचनाकार त्यागराज यांच्या स्मरणाचा उत्सव, होते. काही हौशी मंडळींनी सुरू केलेला हा उत्सव ईस्टरच्या सुमारास दहा-बारा दिवस चालतो आणि भारताबाहेरच्या कर्नाटक संगीताच्या सर्वांत मोठ्या उत्सवांत त्याची गणना होते. त्याचे मर्म मोठ्या विद्वानांच्या मैफलींपेक्षा मुलांच्या स्पर्धांत आणि त्यागराजांच्या पंचरत्न कृती या पाच रचनांच्या सामूहिक गायनात आहे. शेकडो मैलांवरून येणारे मूल वर्षभर ज्या कृतीची तयारी करते, तीच कृती त्याला तिथे शेकडो आवाजांत ऐकू येते. आपल्याकडे बंदिश प्रत्येक घराण्याची वेगळी आणि गायकाचे स्वातंत्र्य मोठे, त्यामुळे असे सामूहिक गायन जमवणे कठीण जाते, हे मान्य आहे. परंतु मुलांना स्पर्धा, परीक्षक आणि बरोबरीचे सवंगडी मिळवून देण्याचे काम हिंदुस्थानी संगीतालाही करता येण्यासारखे आहे.

दक्षिण आशियाई संगीत म्हणजे रागसंगीतच का?

मुळीच नाही. न्यूयॉर्कमधील क्वीन्सच्या रिचमंड हिल भागात गयाना आणि त्रिनिदादहून आलेला मोठा समाज राहतो. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून भोजपुरी मुलखातून उसाच्या मळ्यांवर नेले गेले होते. दोन समुद्र ओलांडूनही त्यांनी फगव्याची, म्हणजे होळीची, चौताल गाणी, ताशा आणि धनताल जपले आहेत. लोखंडी दांडी आणि नालासारखा तुकडा यांच्या आघातातून निघणारा धनतालाचा खणखणाट ‘चटणी’ या त्यांच्या नाचाच्या संगीतातही ऐकू येतो. आपल्या ढोल-ताशाच्या पथकांनी एकदा तरी त्यांचा ताशा शेजारी उभे राहून ऐकावा.

पंजाबी भांगड्याचे शहरी रूप डीजे रेखा यांनी १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षे न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये दरमहा सादर केले. कॅलिफोर्नियातील स्टॉकटनच्या १९१२ मध्ये स्थापन झालेल्या गुरुद्वाऱ्यात कीर्तनाची परंपरा शतकाहून जुनी आहे. न्यू जर्सीतला गरबा, बंगाली मंडळींचे रवींद्रसंगीत, पाकिस्तानी कुटुंबांतील गझल आणि कव्वाली ही यादी वाढवावी तेवढी वाढेल. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या अरूज आफताब २०२२ मध्ये ग्रॅमी मिळवणाऱ्या पहिल्या पाकिस्तानी गायिका ठरल्या. त्यांनी ज्या गझलेचा आधार घेतला, ती आपल्याकडेही अनेकांना पाठ आहे.

तिथल्या समाजाची स्वतःची वर्तमानपत्रे आणि वाहिन्या कधीपासून आहेत?

नोव्हेंबर १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले ‘गदर’ हे ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या क्रांतिकारी चळवळीचे पत्र आधी उर्दूत आणि लगेच गुरुमुखीत छापले जाई. त्यातील कविता शेतमजुरांच्या मुक्कामांवर मोठ्याने म्हटल्या जात. या चळवळीशी आपला संबंध जवळचा आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिच्या सुरुवातीपासून कार्यकर्ते होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे हे अमेरिकेतून परतून १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर गेले.

नंतरच्या पिढीसाठी १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये गोपाल राजू यांनी सुरू केलेले ‘इंडिया अब्रॉड’ हे साप्ताहिक महत्त्वाचे ठरले. विवाहविषयक जाहिराती, भारतातील बातम्या आणि गावोगावच्या मैफलींच्या सूचना त्यात एकत्र मिळत. १९९३ मध्ये ‘टीव्ही एशिया’ ही वाहिनी आली. मराठीपुरते बोलायचे तर टोरांटोहून निघणारे ‘एकता’ हे त्रैमासिक आणि मंडळांच्या गणेशोत्सव व दिवाळीच्या स्मरणिका यांनी लिहिणाऱ्यांना हक्काची जागा दिली. या स्मरणिका कृपया रद्दीत घालू नका. कोणत्या वर्षी कोण गायले, तबल्याला कोण बसले, पेटीवर कोण होते, याची दुसरी नोंद बहुधा कुठेच नसते. दक्षिण आशियाई अमेरिकी लोकांची कागदपत्रे जपणारे एक डिजिटल अभिलेखागार २००८ पासून फिलाडेल्फियातून चालते आणि कुटुंबांकडचे साहित्य ते आस्थेने स्वीकारते.

मराठी मंडळे संगीतासाठी काय करतात?

शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून आहे आणि उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. महासाथीमुळे लांबलेले अधिवेशन २०२२ मध्ये अटलांटिक सिटीला झाले आणि २०२४ चे सॅन होजेला. नाट्यसंगीत, भावगीते, ढोल-ताशा, स्थानिक कलाकारांचे कार्यक्रम असे बरेच काही तिथे होते आणि हजारो लोक एकत्र येतात.

येथे एक मत स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. भारतातून आलेल्या लोकप्रिय गायकासाठी आपण विमानभाडे, हॉटेल आणि घसघशीत मानधन आनंदाने देतो. परंतु वर्षभर आपल्याच मुलांना शिकवणाऱ्या बाईंना त्याच मंचावर पंधरा मिनिटे, तीही जेवणाच्या वेळी, मिळतात आणि मानधनाचा विषय निघाला की ‘आपल्यातल्याच आहेत’ असे म्हटले जाते. हे बदलायला हवे. स्थानिक शिक्षकांचे मानधन मंडळाच्या अंदाजपत्रकात सगळ्यांत आधी लिहिले जावे.

मुलांना कोणत्या वयात गाणे सुरू करावे?

सहा-सात वर्षांच्या मुलाला ऐकवणे आणि गाऊन घेणे पुरेसे असते. रीतसर शिकवणी आठ-नऊ वर्षांपासून ठीक. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की आवाज फुटतो. कालपर्यंत काळी चार किंवा पाचमध्ये सहज गाणाऱ्या मुलाला तार सप्तक सापडेनासे होते आणि तो शिकवणी सोडू पाहतो. अशा वेळी ओरडून पट्टी राखायला लावू नये. पट्टी उतरवावी, मंद्र सप्तकातला रियाज ठेवावा आणि हवे तर त्या वर्षभरात तबला किंवा पेटी सुरू करावी.

शाळेतील ऑर्केस्ट्रा, बँड किंवा गायनवृंद यांमुळे आपले गाणे बिघडते, ही भीती निराधार आहे. लिहिलेले स्वर वाचायची सवय लागलेल्या मुलांना ऐकून पाठ करायला आरंभी जड जाते, एवढेच. त्यावर उपाय म्हणजे शिकवताना वही बंद ठेवणे.

परीक्षा द्याव्यात का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षा अमेरिकेतील केंद्रांवरही देता येतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, त्याच परंपरेतील हे मंडळ असून त्याचे मुख्य कार्यालय वाशीला आहे. परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त लागते आणि भारतातील चुलत-मामे भावंडांच्या बरोबरीने चालल्याचे समाधान मुलांना मिळते. मात्र एका रागाचा छोटा ख्याल घोटून पुढच्या रागावर उडी मारण्याची सवय लागत असेल, तर एक वर्ष परीक्षा सोडून एकच यमन गावा.

ऑनलाइन शिकवणी खरोखर उपयोगी पडते का?

पडते, मर्यादा ओळखून घेतली तर. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोन्ही टोकांना एकाच वेळी गाता येत नाही आणि ठेका पुण्यात वाजवून गाणे डॅलसमध्ये जमत नाही. तानपुरा आणि तबला शिष्याच्या खोलीत वाजले पाहिजेत. गुरूंनी गावे, थांबावे आणि शिष्याने म्हणावे, हीच रीत चालते. संभाषणाच्या ॲपमध्ये मागचा आवाज दाबण्याची सोय असते, ती बंद करावी. नाहीतर ते यंत्र तानपुऱ्याला गोंगाट समजून पुसून टाकते आणि लांबवलेला षड्जही मध्येच कापते. वेळ ठरवताना लक्षात ठेवावे की अमेरिकेचा पूर्व किनारा उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतो.

गुरूंजवळ बसून शिकण्याची बरोबरी यातून होत नाही. स्वर लावताना गुरूंची मान, हात आणि श्वास जे सांगतात ते पडद्यावर निम्मेही दिसत नाही. भारतभेटीत निदान आठवडाभर समोर बसून शिकावे.

मिरजेहून आणलेला तानपुरा हिवाळ्यात तडकला. काय चुकले?

हवा कोरडी पडली. मिरजेचे तानपुरे ज्या भोपळ्यांपासून बनतात, ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात आणि वाळवून, कोरून, तुणीच्या लाकडाला जोडले जातात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शिकागो किंवा मिनियापोलिसमध्ये जानेवारीत घर तापवले की खोलीतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. भोपळा आणि तबली (त्यावरची लाकडी पाटी) वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि जोडाशी केसाएवढी चीर दिसू लागते. तिच्याआधी खुंट्या बोलतात. पिळल्यावर जागेवर न राहता त्या सरकू लागल्या, तर हवा कोरडी झाली असे समजावे. तशा खुंटीला थोडा खडू घासला की ती तात्पुरती धरते.

खोलीत आर्द्रता देणारे यंत्र आणि ती मोजणारे छोटे घड्याळ ठेवून प्रमाण ४५ ते ५० टक्क्यांवर राखावे. तानपुरा गरम हवेच्या झरोक्यापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर असावा. तो महिनाभर वाजणार नसेल, तर तारा थोड्या उतरवाव्यात. तबल्याचेही तसेच, कोरड्या हवेत पुडी ताणली जाऊन सूर चढतो आणि शाईला भेगा पडतात, तर दमट उन्हाळ्यात गट्टे ठोकूनही तो वर येत नाही. जवारी काढणारे, म्हणजे तार झंकारावी म्हणून घोडी घासून देणारे, कारागीर तिथे फार थोडे आहेत, म्हणून निघतानाच मिरजेच्या कारागिराकडून आपल्या पट्टीत जवारी करून घ्यावी. विजेवरचा तानपुरा नेणार असाल, तर तो १२० व्होल्टवर चालतो याची खात्री करून घ्यावी.

भारतातून कलाकाराला बैठकीसाठी बोलावताना व्हिसा कोणता लागतो?

मानधन घेऊन गाणाऱ्याला पर्यटक व्हिसा चालत नाही. ‘ओळखीचे आहेत, घरचीच बैठक आहे’ असे म्हणून तो धोका पत्करू नये; परत पाठवले गेल्यास पुढील कित्येक वर्षे कलाकाराची वाट बंद होऊ शकते. पारंपरिक कलेसाठी पी-३ हा व्हिसाचा प्रवर्ग आहे. अर्ज अमेरिकेतील आयोजकाने करावा लागतो. त्यासोबत कार्यक्रमांचे वेळापत्रक, कलेच्या वेगळेपणाचे पुरावे आणि कामगार संघटनेचे मत जोडावे लागते. परवानगी एका वेळी जास्तीत जास्त वर्षभराची असते आणि साथीदारांचीही वेगळी कागदपत्रे लागतात. सहा-आठ महिने आधी सुरुवात करावी, चार-पाच शहरांच्या मंडळांनी मिळून दौरा आखावा, खर्च वाटून घ्यावा आणि अनुभवी वकिलाचा सल्ला घ्यावा. अमेरिकी विमान कंपन्यांना २०१५ पासून लहान वाद्ये, जागा उपलब्ध असल्यास, हातसामानात घेऊ देणे बंधनकारक आहे. तबल्याचे ते जमते. तानपुरा मात्र तिथल्याच एखाद्या घरातून मिळवणे बरे.

कॉलेजला गेल्यावर मुलांचे गाणे सुटते. काय करावे?

घर सोडताना शिकवणी सुटणे स्वाभाविक आहे, पण गाणे सुटलेच पाहिजे असे नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘पेन मसाला’पासून पुढे अनेक विद्यापीठांत वाद्यांवाचून गाणारे विद्यार्थ्यांचे गट उभे राहिले. अनेक ठिकाणी शास्त्रीय संगीताची विद्यार्थी मंडळेही असतात. मुले तिथे ख्याल गाणार नाहीत, पण त्यांचा कान जागता राहील. प्रवेश घेतानाच त्या विद्यापीठात अशी मंडळी आहेत का, त्या शहरात कोण शिकवते आणि तबल्याला कोण बसते, याची चौकशी करून द्यावी. फोनवर तानपुऱ्याचे ॲप घालून द्यावे आणि सुट्टीत मूल घरी आले की पहिल्याच आठवड्यात जुन्या बाईंकडे एक वेळ ठरवून टाकावी, फी देऊन.